जुन्या गाडीच्या टेपला ब्लूटूथ लावलं, आता मागे शिट्टी वाजते

यातलं काही ओळखीचं वाटतंय का, ते आधी बघा.

• इंजिन चालू झालं की गाण्यामागे बारीक शिट्टी. रेस दिली की चढते, सोडली की उतरते. गाणं थांबवलं तरी ती चालूच.
• इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली, तरी मागे टकटक किंवा किरकिर.
• वाद्यं स्वच्छ ऐकू येतात, पण गायक गायब. किंवा विहिरीत बसून गातोय असं वाटतं.
• एकाच बाजूचे स्पीकर वाजतात.
• गाणं मधेच तुटतं, दोन सेकंदांनी परत येतं.
• आवाज इतका बारीक की टेप पूर्ण वाढवावा लागतो, आणि मग सूंऽऽ असा आवाजच जास्त.
• एफएम ट्रान्समीटर (फोनचं गाणं रेडिओ स्टेशनसारखं टेपला पाठवणारी डबी) असेल तर गावाबाहेर पडल्यावर भलतंच स्टेशन घुसतं.
• गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही.

गेल्या सात-आठ वर्षांत सोसायटीतल्या, नात्यातल्या आणि नात्यातल्यांच्या नात्यातल्या वीस-बावीस गाड्यांची ही दुखणी मी बघितली. मी मेकॅनिक नाही. घरी सोल्डरिंग आयर्न आहे आणि कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढंच माझं भांडवल. गाड्या साधारण २००३ ते २०११ मधल्या. कंपनीचा टेप ठणठणीत (कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी आमच्याकडे त्याला टेपच म्हणतात), आवाज आजच्या कित्येक स्वस्त टचस्क्रीनपेक्षा बरा, आणि डॅशबोर्डच्या आकारात असा बसवलेला की काढला तर तिथे खिंडार दिसतं. म्हणून लोक ऑक्सच्या (बाहेरचं गाणं वायरीने टेपला देण्याच्या) भोकात ब्लूटूथ रिसीव्हर खुपसतात, त्याचं चार्जिंग सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतात, आणि शिट्टी सुरू होते.

मग रिसीव्हरला शिव्या घालून दुसरा मागवला जातो. माझ्या मावसभावाने असे तीन मागवले. तिन्ही उत्तम होते. दोष अर्थिंगच्या (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परततो त्या) वाटेत होता आणि तो कळायला पाच मिनिटं आणि एक पॉवर बँक पुरली. म्हणून आधी पैसे खर्च करू नका. खालच्या क्रमाने जा.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी

फोनचा आवाज ८५-९० टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं कमी-जास्त टेपवर करा. बहुतेक जण उलटं करतात. टेपचा स्वतःचा सूं आवाज ठरलेला असतो. फोनकडून येणारं गाणंच क्षीण असेल तर टेप वाढवताना गाण्याबरोबर तो सूंसुद्धा वाढतो. पूर्ण १०० टक्के मात्र नको, काही स्वस्त रिसीव्हर तिथे फाटतात.

गाणं टेलिफोनवर ऐकल्यासारखं येत असेल तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या रिसीव्हरच्या नावापुढचं चक्र दाबा. तिथे कॉल आणि मीडिया असे दोन पर्याय दिसतील. कॉल बंद करा, मीडिया चालू ठेवा. फोन त्या रिसीव्हरला हँड्सफ्री समजून बोलण्याचा रस्ता वापरत असतो, आणि तो रस्ता अरुंद आणि मोनो आहे.

गाणं तुटत असेल तर फोन पँटच्या मागच्या खिशातून काढून समोर ठेवा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. पाणी ही लहर शोषतं आणि आपलं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. रिसीव्हर कन्सोलच्या खाली आणि फोन तुमच्या खाली असेल तर मधे तुम्ही आहात. तरी तुटत असेल तर घरातले किती फोन त्याला जोडलेले आहेत ते बघा. बायकोच्या पर्समधला फोन आधी पकडला जातो आणि आपण आपल्या फोनवर गाणं शोधत बसतो. सगळे फोन विसरायला लावा आणि एकच पुन्हा जोडा. म्युझिक ॲपवरचं बॅटरी वाचवण्याचं बंधनही काढा.

वायर, विशेषतः गायक गायब असेल तर

ऑक्स वायरची पिन हातात घ्या आणि काळी वळी मोजा. दोन वळी म्हणजे साधी स्टिरिओ पिन, तीच हवी. तीन वळी म्हणजे माइकवाल्या हेडफोनची. तीन वळ्यांची पिन जुन्या टेपच्या सॉकेटमध्ये बसते, पण तिची अर्थची पट्टी टेपच्या अर्थच्या पत्तीला टेकेलच असं नाही. अर्थची वाट तुटली की डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात. गायक दोन्हीकडे सारखाच असतो म्हणून नेमका तोच कटतो. कडेकडेची वाद्यं उरतात. पिन केसभर बाहेर ओढून बघा. गायक परत आला तर गाडीत काही बिघडलेलं नाही, दोन वळ्यांची वायर आणा.

पिन तळापर्यंत न बसणं हाही त्याचाच भाऊ. काही गाड्यांत ऑक्सचं भोक प्लॅस्टिकच्या खोलगटात असतं आणि जाड मुठीची पिन दोन मिलिमीटर बाहेरच अडते. मी ब्लेडने मूठ तासतो.

एकाच बाजूला आवाज असेल तर आधी टेपचा बॅलन्स बघा. हसू नका, तीन गाड्यांत तेवढंच होतं.

पॉवर बँकेची परीक्षा

शिट्टीवाल्यांनी सरळ इथे यायला हरकत नाही. रिसीव्हरची यूएसबी वायर सिगारेट लायटरच्या चार्जरमधून काढून पॉवर बँकेत लावा. पॉवर बँक सीटवर ठेवा, ती गाडीच्या चार्जरला जोडलेली नको. फोनचं चार्जिंग काढा. डॅशकॅम, मोबाइल होल्डरचा दिवा, जे काही सॉकेटमध्ये असेल ते सगळं काढा. इंजिन चालू करा, गाणं थांबवा, टेपचा आवाज नेहमीएवढा ठेवा आणि न्यूट्रलमध्ये रेस द्या.

शिट्टी गेली तर रिसीव्हर निर्दोष आणि टेपही निर्दोष. दोष पॉवरच्या वाटेने येतोय.

शिट्टी राहिली तर ऑक्सची पिनही उपटा, टेप ऑक्सवरच ठेवा. तरीही वाजते? मग ती टेपच्या स्वतःच्या पॉवरमधून किंवा अर्थमधून येते आहे. मधला चार्जर-आयसोलेटरचा भाग सोडून अर्थिंगवर जा.

एक खोच आहे. रिसीव्हर फार थोडा करंट ओढतो, त्यामुळे काही पॉवर बँका ‘काही लावलेलंच नाही’ असं समजून अर्ध्या मिनिटात बंद पडतात. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. कायमचा उपाय म्हणून पॉवर बँक गाडीत ठेवू नका, आणि आत बॅटरी असलेला रिसीव्हर तर डॅशबोर्डवर मुळीच नको. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत लिथियमची बॅटरी कशी फुगते, हे मी नागपूरच्या साडूंकडे पाहिलंय. डबीचे दोन भाग उमललेल्या कळीसारखे झाले होते.

ही शिट्टी असते तरी काय

ऑल्टरनेटर मुळात एसी तयार करतो आणि आतले डायोड तिचं डीसी करतात. ते डीसी सपाट नसतं, त्यावर बारीक लाटा उरतात. बहुतेक गाड्यांच्या ऑल्टरनेटरला १२ पोल आणि तीन फेज असतात, म्हणजे एका फेऱ्यात ३६ लाटा. इंजिन ८०० आरपीएमवर आणि पुली अडीच पट असेल तर ऑल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला १२०० लाटा. १२०० हर्ट्झ हा कानाला अगदी स्पष्ट येणारा सूर आहे. रेस देऊन इंजिन २४०० वर नेलं की तोच ३६०० हर्ट्झ. शिट्टी रेसबरोबर का चढते, ते एवढंच.

आता ती गाण्यात कशी शिरते? सिगारेट लायटरची अर्थ बॉडीला एका जागी बसवलेली असते, टेपची दुसऱ्या जागी. पंखा, हेडलाइट, ब्लोअर यांचा करंट याच पत्र्यातून परततो, त्यामुळे दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण रिसीव्हरने पॉवर एका अर्थवरून घेतली आणि ऑक्सच्या वायरने तो दुसऱ्या अर्थला जोडला गेला, की त्या दोन जागांना तुम्ही ऑक्सच्या वायरीने पूल बांधून दिलात. ऑक्समधून येणारं गाणं काहीशे मिलिव्होल्टचं. त्यात पाच मिलिव्होल्टची लाट मिसळली तरी गाणं थांबल्यावर ती लख्ख ऐकू येते. टेप बिचारा जे येईल ते वाजवतो.

तोडायचा आहे तो हा पूल. तो दोन ठिकाणी तोडता येतो: आवाजाच्या वायरीत किंवा पॉवरच्या वायरीत.

त्याआधी चार्जर बदलून बघा. घरात दुसरा असेलच. इंजिन बंद असताना होणारी टकटक-किरकिर जवळजवळ नेहमीच चार्जरची असते. १२ व्होल्टचे ५ करताना तो आत जलद चालू-बंद होत असतो आणि स्वस्तातल्यात फिल्टर नावापुरता. रिसीव्हर आणि फोन एकाच दोन भोकांच्या चार्जरवर असतील तर फोन काढून बघा, बरेचदा तिथेच काम होतं.

आवाजाच्या वायरीतला उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. बोटाएवढी डबी, दोन्ही बाजूंना ३.५ मिलिमीटरच्या पिना, २०० ते ४०० रुपयांच्या आसपास. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं, अर्थ मात्र पलीकडे जात नाही. रिसीव्हर आणि टेपच्या मधे लावा, झालं. हत्यार लागत नाही. खोट एकच: स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान, त्यामुळे खालचा सूर बारीक होतो. ढोलकीची थाप राहते, घुमारा जातो. सासऱ्यांच्या गाडीत हीच डबी आहे आणि ते भजनं ऐकतात, त्यांना फरक कळलेला नाही. माझ्या गाडीत मला दुसऱ्या दिवशी कळला.

म्हणून मी पॉवरच्या वायरीतला उपाय वापरतो: आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल, बी०५०५एस नावाचं. चार पायांचा काळा ठोकळा, ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, आणि आतल्या-बाहेरच्या अर्थचा एकमेकांशी संबंध नाही. एक वॅटचं असतं, म्हणजे २०० मिलिअँपिअर. रिसीव्हरला भरपूर झालं. त्यावर फोन चार्ज करायला गेलात तर जळेल. बाहेरच्या बाजूला १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की त्याची स्वतःची किरकिरही राहत नाही. डाग द्यायला (सोल्डरिंग करायला) येत असेल तर अर्ध्या तासाचं काम, आणि गाण्याचा रस्ता जसाच्या तसा. फक्त आतल्या आणि बाहेरच्या मायनस वायरी सवयीने एकत्र पिळू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि तासभर मॉड्यूलला दोष देत बसलो.

अर्थिंग

यासाठी मल्टिमीटर लागतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टेपच्या पत्र्याच्या खोक्याला किंवा अर्थच्या वायरीला. ०.१ व्होल्टपेक्षा कमी आलं तर अर्थ चांगली. जास्त आलं तर वाटेत कुठेतरी गंज आहे. आधी बॅटरीच्या मायनसची बॉडीला जाणारी जाड वायर बघा: बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, परत घट्ट करा. मग इंजिन आणि बॉडी यांच्यातली पट्टी. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या गाड्यांत मी चार्जर-बिर्जर बघण्याआधी हेच बघतो. खाऱ्या हवेत त्या बोल्टखाली हिरवी-पांढरी पूड हमखास सापडते.

बॅटरीची मायनस काढण्याआधी थांबा. बऱ्याच कंपनी टेपना चोरीविरोधी कोड असतो आणि पॉवर तुटून परत आली की पडद्यावर ‘कोड’ एवढंच येतं. अनेक जुन्या होंडा गाड्यांत हे आहे. कोड मॅन्युअलबरोबरच्या कार्डावर किंवा ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर असतो. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि कार्ड नसेल, तर बॅटरीला हात लावू नका. आणि अंदाजाने आकडे दाबू नका, काही चुकांनंतर टेप कुलूप लावून बसतो.

ऑल्टरनेटर

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मग मीटर एसीवर घेऊन तिथेच मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. इथे पिवळा स्वस्त मीटर फसवतो: एसीवर ठेवला की २८-३० असा आकडा दाखवतो, आणि टोकं उलटी केली की शून्य. तो डीसीलाच एसी समजतोय. ते दोन्ही आकडे सोडून द्या. ज्याच्याकडे बरा मीटर आहे अशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. शिट्टी अचानक सुरू झाली असेल, बॅटरीचा दिवा अंधारात मंद पेटलेला दिसत असेल आणि रात्रीत बॅटरी उतरत असेल तर तर नक्कीच जा. त्या गाडीला आयसोलेटर लावणं म्हणजे तापाच्या माणसाला पंखा लावणं.

बॅटरी नुसतीच उतरत असेल तर रिसीव्हरची पॉवर कुठून घेतली ते बघा. काही गाड्यांत सिगारेट लायटर चावी काढल्यावरही चालू राहतो, आणि काही वायरमन सोपं पडतं म्हणून टेपच्या मेमरीच्या, म्हणजे कायम चालू असणाऱ्या वायरीवरच जोड मारतात. रिसीव्हर आणि चार्जर मिळून ३० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची, जरा वय झालेली बॅटरी असेल तर लग्नसराईत दोन आठवडे गावाला जाऊन आलात की धक्का मारावा लागेल. जोड चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या वायरीवरच हवा. टेपमागे आयएसओ कपलर (ठरावीक मांडणीचा प्लग) असेल तर पॉवरच्या खणात ४ नंबर कायम चालू, ७ नंबर चावीबरोबर आणि ८ नंबर अर्थ, अशी मांडणी असते. पण काही कंपन्यांनी ४ आणि ७ ची अदलाबदल केलेली आहे, म्हणून टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका. जोडावर एक अँपिअरचा वेगळा फ्यूज घाला.

ऑक्सच नसेल तर

कॅसेटवाला टेप असेल तर तुम्ही नशीबवान. कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर टाका, वायर बाहेर काढा. दर मिनिटाला बाजू बदलत असेल तर ॲडॅप्टरमधले दाते अडकतायत. टेपला वाटतं कॅसेट संपली. डॉल्बीचं (कॅसेटचा सूं कमी करणारं) बटण असेल तर बंद ठेवा आणि कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा. आवाज दुपटीने उघडतो.

एफएम ट्रान्समीटर सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कटकटीचा. पुण्यात रिकामी सापडलेली जागा एक्सप्रेसवेने मुंबईत शिरताना रिकामी राहीलच असं नाही. टेप ८७.५ पासून पकडत असेल तर ८७.५ ते ८७.९ मधली जागा घ्या, तिथे गर्दी नसते. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, त्यामुळे झांजेचा चकाकता सूर येणार नाही. तो बिघाड नव्हे.

अँटेनाच्या वायरीत बसणारा वायरवाला एफएम मॉड्युलेटर त्याहून पुष्कळ बरा, कारण लागला की तो बाहेरच्या अँटेनाचा संबंध तोडतो आणि घुसखोरीच थांबते. त्यासाठी टेप बाहेर काढावा लागतो. टेपमागे सीडी चेंजरचा (अनेक सीडी ठेवायच्या वेगळ्या खोक्याचा) कपलर असेल तर तिथून ऑक्स मिळू शकतो, पण बऱ्याच टेपना समोर खरा चेंजर आहे असं भासवणारं मॉड्यूल लागतं. नुसत्या दोन वायरी जोडल्या तर टेप तो पर्यायच दाखवत नाही.

इथे हात थांबवा

डॅश उघडताना पिवळा कपलर किंवा पिवळी वायरनळी दिसली तर ती एअरबॅगची आहे. ओढू नका, मीटर लावू नका. टेप काढायला ती हलवावीच लागत असेल तर काम तिथेच सोडून सर्व्हिस सेंटरला जा.

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर मोठा घालू नका. जळका वास आला, वायर गरम लागली, तर बॅटरी सोडवून ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा.

स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधी टेकवू नका. या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एक टेकली की आतली ॲम्प्लिफायर आयसी जाते आणि मग टेप दुरुस्तीला.

टेप उघडून आतल्या व्हॉल्यूमच्या बोर्डावर ऑक्सच्या वायरी जोडण्याचे व्हिडिओ आहेत. मी दोनदा केलंय, एकदा जमलं. तो टेप आता माझ्या माळ्यावर आहे आणि त्याच्या मालकाला मी दुसरा घेऊन दिला. हे काम जुने टेप दुरुस्त करणाऱ्या माणसाकडेच द्या.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात की ‘ब्लूटूथ खराब आहे’ एवढंच सांगू नका, तो नवा रिसीव्हर विकेल. पॉवर बँकेवर शिट्टी जाते की राहते, ऑक्स उपटल्यावर काय होतं आणि बॅटरी-मायनसपासून टेपपर्यंत किती व्होल्ट आले, हे तिन्ही कागदावर लिहून न्या.